जुनी गोळी निर्दोष कशी ठरते?

आजी हॉस्पिटलात होती तेव्हा घरात एकच वाक्य फिरत होतं, "सोडियम कमी झालंय." लगेच जेवणात मीठ वाढवायची चर्चा! पण अशा वेळी बऱ्याचदा मीठ कमी पडलेलं नसतं, पाणी जास्त साठलेलं असतं. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांमुळे काहींच्या शरीरात एडीएच हे संप्रेरक गरज नसताना स्रवत राहतं, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात आणि रक्तातलं सोडियम १३५ मिलिमोल प्रति लिटरच्या खाली जातं. माणूस गोंधळतो, तोल जाऊन पडतो. फारच घसरलं तर झटके येतात.

यावरचा एक स्वीडिश पेपर (अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन, २०१८) पुन्हा वाचला. कमी सोडियम हेच मुख्य निदान असलेले, भरती झालेले १४ हजारांहून जास्त रुग्ण आणि तुलनेला ५७ हजारांहून जास्त इतर लोक. निष्कर्ष असा, की नैराश्यावरची गोळी नुकतीच सुरू झाली असेल तर संबंध ठळक दिसतो. बरेच दिवस चालू असेल तर तो फारच क्षीण होतो.

नव्या-जुन्याची ही फोड मला आवडली. पण त्यावरून "जुनी गोळी सुरक्षित" म्हणणं खटकतं. सुरुवातीच्या आठवड्यांतच ज्यांचं सोडियम घसरलं, त्यांची गोळी बहुधा बंद झाली. उरले ते ज्यांना ती मानवली. पहिल्या चाचणीत नापास झालेल्यांना वर्गाबाहेर काढून उरलेल्यांचा निकाल लावावा, तसं हे.

दुसरं, "मुख्य निदान" ही चाळणी. सोडियम घसरल्यामुळे कुणी पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं, तर मुख्य निदान फ्रॅक्चर! हा रुग्ण मोजणीत येतच नाही. दुसऱ्याच आजारासाठी भरती होऊन वॉर्डात सोडियम घसरलेलेही सुटतात.

आजीची एसएसआरआय गोळी तीन वर्षं जुनी, रक्तदाबाची थायझाइड तीन आठवड्यांची. सगळा दोष नव्या गोळीवर गेला. कदाचित बरोबरही असेल. पण थायझाइडनेही सोडियम घसरतं आणि दोन्ही एकत्र आल्या की धोका वाढतो. म्हणजे सरासरीत निर्दोष ठरलेली जुनी गोळी आजीच्या बाबतीत साथीदार असू शकते.

म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण नवी सुरू होताना डॉक्टरांना जुन्यांची यादी दाखवा आणि "सोडियम कधी तपासायचं?" हे विचाराच. आम्ही विचारलं नव्हतं.