‘अरुणोदया’तील मागे राहिलेले सोबती

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. मुंबईतील शिक्षणानंतर १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्माही बेळगावातच झाला. त्यामुळे बेळगाव-निपाणीकडील मंडळ्यांना ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र घरचे वाटावे, हे स्वाभाविकच होय. ग्रंथाच्या थोरवीविषयी आम्हांस शंका नाही. परंतु मागे राहिलेल्या सोबत्यांचा न्याय करण्यास तो आपणांस कितपत साहाय्य करतो, हे पाहिले पाहिजे.

हे सोबती म्हणजे परमहंस मंडळी. दादोबा पांडुरंग तर्खडकर प्रभृतींनी १८४९ मध्ये मुंबईत स्थापिलेली ही सभा जातिभेद मानीत नसे. मात्र तिचे सारे व्यवहार गुप्त असत. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणे ही प्रवेशाची कसोटी. बंद दाराआड तो पाव खाणारे तरुण बाहेर पडताच जातीचे नियम पाळीत. पदमनजीही त्यांच्यातीलच एक होते. त्यांनी उघड मार्ग धरला, इतरांनी धरला नाही. पुढे १८६० च्या सुमारास मंडळीची कागदपत्रे चोरीस गेली आणि नावे फुटण्याच्या धास्तीने सभाच मोडली. कोण आपला व कोण परका, हे कोणास सांगता येईना.

आत्मचरित्रकार पहाटेकडे निघालेला असल्याने वाटेतील माणसे त्याच्या लेखी काळोखाच्या खाती जमा होतात. हा पदमनजींचा दोष म्हणण्यापेक्षा त्या लेखनप्रकाराचा स्वभाव होय. (त्यांच्या घरच्यांना व ज्ञातिबांधवांना विचारले असते, तर विश्वासघातकी म्हणून त्यांनी पदमनजींकडेच बोट दाखविले असते.) दोष घडतो तो आपण उपदेशात भित्र्या सोबत्याला सरळ यहूदाच्या रांगेत बसवितो तेव्हा.

पवित्र शास्त्र ही सरमिसळ करीत नाही. यहूदाने सौदा केला, पेत्र भ्याला. हाच पेत्र पुढे अंत्युखियात विदेशी बंधूंबरोबर जेवत असता, यरुशलेमहून माणसे येताच पंक्तीतून मागे सरला. परमहंस मंडळीची व्यथा नेमकी हीच नव्हे काय? पौलाने त्यास तोंडावर दोष दिला, पण त्याचे प्रेषितपण नाकारले नाही. योहानाचे शुभवर्तमान तर याहून सूक्ष्म आहे. मनुष्यांकडील मानासाठी विश्वास लपविणाऱ्या अधिकाऱ्यांना ते बाराव्या अध्यायात स्पष्ट दोष देते. आणि एकोणिसाव्या अध्यायात प्रभूचे शरीर मागून घेण्यास पुढे येतो तो भयामुळे गुप्त राहिलेला शिष्य, अरिमथाईकर योसेफ. त्याच्यासोबत असतो पूर्वी रात्री आलेला निकदेम. उघड शिष्यांपैकी बहुतेक त्या घटकेस पांगलेले होते.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणारा एखादा प्रार्थनेस येतो आणि गावात कोणी विचारल्यास कानांवर हात ठेवतो. घरातील लग्नकार्य, भाऊबंदांतील शेतवाटा, सारे त्याच्या डोळ्यांपुढे असते. अशा माणसाविषयी मंडळीत कुजबूज सुरू झाली की उपदेशकाने पौलाप्रमाणे त्याच्याशीच तोंडावर बोलावे. इतरांपाशी त्याचे नाव काढू नये. एका यादीने परमहंस मंडळीचे काय झाले, ते वर आलेच आहे.

‘अरुणोदय’ वाचणाऱ्याने अ. का. प्रियोळकर यांचा परमहंस सभेवरील १९६६ सालचा ग्रंथही सोबत वाचावा. मागे राहिलेल्यांपैकी काही जण १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या रूपाने उघडपणे पुढे आले. त्यांची वाट पदमनजींची नव्हती, आमचीही नव्हे. पण दार मात्र त्यांनीही उघडले होते.