कौतुकाच्या फळ्यावर शाळकरी मुली

दशलक्षण पर्व संपलं की बस्तीत सत्कार होतात. कुणाचे तीन उपास, कुणाचे पाच, कुणाचे दहा. फळ्यावर आकडा, गळ्यात हार. त्यात सातवी-आठवीतल्या मुलीही असतात. मग बाहेर चपला घालताना बायकांचं बोलणं सुरू होतं : "अगं, किती छान बारीक झालीस! चेहऱ्यावर तेज बघा कसं आलंय!" तेज आणि बारीकपणा आपण एकाच दमात बोलून जातो. तेरा वर्षांची पोर त्यातलं काय उचलत असेल, याचा विचार कुणी करत नाही. मला आक्षेप घ्यायचा आहे तो इथं.

या वयात सुरू होणारा अ‍ॅनोरेक्सिया हा आजार म्हणजे जेवणाची नाटकं नव्हेत. भूक लागते, पण जाड होण्याची भीती भुकेहून मोठी होते. हाडं दिसू लागली तरी आरशात ती स्वतःला जाडच दिसते. पाळी थांबते, हातपाय गार पडतात, नाडी मंदावते. मनाच्या आजारांत सर्वांत जास्त जीव घेणाऱ्यांपैकी हा एक आहे. बुलिमियात मुलगी भरमसाट खाते आणि चोरून ओकून टाकते. वजन फारसं उतरत नाही, म्हणून घरात कळतही नाही.

'ही श्रीमंत देशांची थेरं' असं म्हणणाऱ्यांनी फिजी बेटांकडे बघावं. तिथं भरलेलं अंग हीच शोभा मानत. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेनं त्याच वर्षी तिथल्या शाळकरी मुलींना प्रश्न विचारले आणि १९९८ मध्ये तशाच दुसऱ्या मुलींना पुन्हा विचारले. पहिल्या वेळी वजनासाठी ओकते असं सांगणारी एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा निघाल्या. मुली थोड्याच होत्या आणि सगळा दोष टीव्हीचाच, असंही नाही. पण चांगलं दिसणं म्हणजे काय, हे मुली भोवतालाकडून शिकतात, एवढं त्यातून नक्की कळतं.

आपल्या मुलींच्या हातात तर फोन आहे. वर घरातली वाक्यं : "भात कमी खा, उद्या स्थळं बघायची आहेत." अशा मुलीला उपासाची फार मोठी सोय होते. ताटावरून उठणाऱ्या मुलीला आई दहा प्रश्न विचारते. उपास धरलेल्या मुलीला एकही विचारत नाही. उलट तिच्या पाया पडतो आपण! आजार तपाच्या शालीखाली लपतो आणि ती शाल आपणच पांघरलेली असते.

शास्त्र असं सांगत नाही. बाह्य तपांत अनशन आहे, तसंच अवमौदर्य आणि रसपरित्यागही आहे. सोळा भावनांत तप 'शक्तितः', म्हणजे झेपेल तेवढंच, सांगितलं आहे. वाढत्या अंगाची शक्ती आणि आजीची शक्ती एक कशी असेल? शिवाय तप देहाची आसक्ती सुटण्यासाठी असतं. उपासाआधी आणि पारण्यानंतर वजनकाट्यावर उभी राहणारी मुलगी देहात आणखी गुंतते आहे. आणि फळ्यावरच्या आकड्यानं वाढतो तो मान. तो तर कषायच!

मग मुलींनी काही करूच नये का? करावं की. दहा दिवस एखादा रस सोडावा, रात्री जेवू नये, फोन बाजूला ठेवून स्वाध्याय करावा. शाळकरी मुलांच्या उपासांचे आकडे मात्र फळ्यावर लिहू नयेत. पारण्यानंतरही मुलगी नीट जेवत नसेल, सगळ्यांबरोबर बसायचं टाळत असेल, जेवल्याबरोबर मोरीत जाऊन दार लावत असेल, तर रागावू नका. जवळ घेऊन विचारा आणि डॉक्टरांना दाखवा. शाळेच्या पालकसभेत उठून सांगा, की मुलींची वजनं वर्गात मोठ्यानं वाचू नका.

आणि येत्या पर्वात एखादी मुलगी नमस्काराला वाकली, तर तिच्या अंगाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नका. 'मन शांत आहे ना गं?' एवढंच विचारा आणि ती काय सांगते ते पुरतं ऐकून घ्या.