पंख्याचा आलेख आणि बंद लिफाफा
महागाईचा अंदाज एकाच आकड्यात सांगणे म्हणजे नसलेल्या खात्रीचा आव आणणे. हे ओळखून बँक ऑफ इंग्लंडने १९९६ मध्ये पंख्यासारखा आलेख छापायला सुरुवात केली : काळ जितका दूरचा, तितका शक्यतेचा पट्टा रुंद. आपली रिझर्व्ह बँकही पतधोरण अहवालात ५०, ७० आणि ९० टक्के शक्यतेचे पट्टे दाखवते.

परंतु अनिश्चितता आधी मान्य करणे हे निम्मेच काम. अंदाज हुकल्यावर कारणे सांगणे हे उरलेले निम्मे. २०२२ मध्ये जानेवारीपासून सलग तीन तिमाह्या भारतातील सरासरी महागाई ६ टक्क्यांच्या कमाल मर्यादेवर राहिली. कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेने कारणे व उपाय सांगणारा अहवाल केंद्र सरकारला दिला. तो त्या वेळी जनतेपुढे मात्र आला नाही. ब्रिटनमध्ये महागाई २ टक्क्यांच्या लक्ष्यापासून एका टक्केबिंदूहून अधिक ढळली, की गव्हर्नरचे अर्थमंत्र्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध होते.

युक्रेन युद्धाचा धक्का आधी मोजता आला नाही, हा दोष नव्हे. पण त्या धक्क्याचा अर्थ बँकेने कसा लावला, हे वाढीव किराणा भरणाऱ्यांना कळायला हवे होते. तो हिशेब लिफाफ्यात बंद राहिला, तर पंख्याचा आलेख अर्धेच सत्य सांगतो.