बुडबुडे थांबल्यावर

चंचुपात्रात हायड्रिलाच्या काड्या, त्यांच्यावर पालथं नरसाळं, नरसाळ्याच्या टोकावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. ही आकृती शाळेत कुणी काढली नाही? उन्हात ठेवलं की बुडबुडे येतात, अंधारात नेलं की थांबतात. प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो, हा निष्कर्ष लिहिला की गुण मिळाले. प्रयोग देखणा आहे, पण ऐन रंगात आल्यावर पडदा पडतो. बुडबुडे थांबल्यावर ती काडी करते काय?

हे बघायला तापीच्या खोऱ्यातल्या फैजपुरातली मत्स्यटाकी बरी. वीज गेली की दिवाही गेला आणि हवेचा पंपही. घरचे माशांच्या काळजीत, हायड्रिलाकडे कुणाचं लक्ष नाही. तिचं पान जवळून पाहावं. खोडाभोवती चार-पाच पानांचं वलय, कडा बारीक दातेरी. मधली शीर सोडली तर पान जेमतेम दोन पेशींच्या थरांचं. पर्णरंध्रं नाहीतच. एवढ्या पातळ पानात उजेडाला अडायला जागा नाही. पाण्यावर पडणाऱ्या उन्हाचा एखादा टक्का खाली पोचला तरी तिचं भागतं.

पण मिट्ट काळोखात तोही नाही. तिथं दिवसाची शिल्लक कामी येते. उजेडात साठवलेला स्टार्च रात्री साखर होऊन खर्ची पडतो. पुस्तकातल्या दुसऱ्या एका प्रयोगात हेच लिहिलेलं आहे, फक्त आपण ते कृती म्हणून वाचून पुढे जातो: 'कुंडी आधी अंधारात ठेवा.' का? तर पानातला स्टार्च संपावा म्हणून. म्हणजे रात्रभर झाड जेवतं, हे गृहीतच आहे. आणि ते हिशेबानं जेवतं. अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावर इंग्लंडमधल्या नॉरिचच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवलं, की उरलेला स्टार्च आणि पहाटेला उरलेला वेळ यांचा जणू भागाकार करून रोप खर्चाचा वेग ठरवतं. या जेवणाला प्राणवायूही लागतो. पंप बंद असलेल्या दाट लागवडीच्या टाकीत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, त्याला ही हिरवाईही थोडी जबाबदार असते.

मला सर्वांत रस आहे तो पुढच्या भागात. जगदीशचंद्र बोस यांनी प्रकाशसंश्लेषणावरच्या आपल्या 1924 च्या ग्रंथात याच हायड्रिलावर काम केलं, आणि उन्हाळ्यातली हायड्रिला मॅलिक आम्लाच्या बाबतीत वेगळी वागते हे टिपलं. पुढे 1980 मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं, की उन्हाळी हायड्रिला अंधारातही कार्बन डायऑक्साइड पकडते आणि आम्लाच्या रूपात ठेवते. उन्हाळ्याच्या भर दुपारी गच्च भरलेल्या तळ्यात हा वायू मिळणं मुश्कील. रात्री सगळेच श्वास सोडत असतात, तेव्हा तो मुबलक. म्हणजे बुडबुडे थांबले तेव्हा काडी नुसती शिल्लक मोडत नव्हती, कमाईही करत होती. परीक्षानळीत यातलं काहीच दिसत नाही.

अंधार लांबला की मात्र चेहरा बदलतो. पेरं लांबतात, खोड फिकट आणि लुकडं होतं, खालची पानं गळतात, जे आहे ते शेंड्याकडे धाडलं जातं. शेवाळ माजलं की हौशी लोक टाकी तीन-चार दिवस कापडानं झाकून ठेवतात, ते याच फरकाच्या भरवशावर: रुजलेल्या वनस्पतीकडे साठा असतो, निळ्या-हिरव्या शेवाळाकडे तेवढा नसतो.

आणि टाकी ही नंतरची गोष्ट. तापीच्या खोऱ्यात पाणवनस्पतींना खरा अंधार येतो तो पावसाळ्यात. तापीवरचं हतनूरचं धरण तर गाळासाठीच ओळखलं जातं. अशा गढूळ पाण्यात हायड्रिला उजेडासाठी वर धावते, आणि दिवस लहान होऊ लागले की खाली चिखलात कंद धरते. हे कंद वर्षानुवर्षं जिवंत राहतात. 1950 च्या दशकात मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून ती फ्लोरिडाला पोचली. तिथले लोक तिला उपटतात, औषधं मारतात, तिला खाणारे मासे सोडतात, आणि कंदांतून ती पुन्हा उगवते.