कुलवृत्तांत आणि बोटीचं रजिस्टर

कुलवृत्तांत हा मराठीतला एक वाङ्मयप्रकार आहे, पण त्याची समीक्षा आपण क्वचितच करतो. मूळ पुरुषापासून वंशवृक्ष निघतो, फांद्या वाढतात; मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी बहुधा तिथंच थांबते.

याच्या शेजारी मॉरिशसचं रजिस्टर ठेवून बघा. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले. मुंबईहून निघालेल्या बोटींत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. त्या नोंदी आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. आणि प्रत्येकाला नंबर. बाईलासुद्धा तिचा स्वतःचा! मजुरावर नजर ठेवायला केलेलं दप्तर हे, पण आज पणतू त्यातूनच पणजी शोधतो.

म्हणून ते जास्त खरं, असं मी म्हणणार नाही. माणूस घर सोडून का निघाला, हे त्यात नाही. पण ते घराण्याचा मोठेपणाही सांगत नाही. कुलवृत्तांत आपणच लिहितो, त्यामुळे काय गाळायचं हेही आपणच ठरवतो.

आपल्या लाखांदुरात किती घरी कुलवृत्तांत असेल? आपण जात पडताळणीसाठी कोतवाल बुकाची नक्कल काढतो, तेव्हा पणजोबाचं नाव पहिल्यांदा वाचतो. जन्माची नाहीतर मृत्यूची एक ओळ. मग ती नक्कल फाईलीत जाते. तिची एक झेरॉक्स घरी ठेवा, आणि पणजीचं नाव कुणा म्हाताऱ्याला आठवत असेल तर त्या ओळीशेजारी लिहून घ्या.