लुटीची यादी

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. त्यातला महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला किनारा साधारण ५४ किलोमीटरचा, तोही एकाच तीराचा, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांचा. नदी एवढी थोडी आपली, तरी परिक्रमेची पुस्तकं हा मराठीत एक वेगळा कप्पाच होऊन बसला आहे. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’, भारती ठाकूर यांचं ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ ही त्यातली ठळक नावं. त्यांच्या मागे छोट्यामोठ्या, स्वखर्चाने छापलेल्या वहीवजा पुस्तकांची रांग आहे.

हा जो आपला ५४ किलोमीटरचा तुकडा, तो येतो नेमका शूलपाणीच्या झाडीत. म्हणजे परिक्रमेच्या पुस्तकांत जिथे भिल्ल येऊन परिक्रमावासीला लुटतात, तिथे. अमरकंटक, ओंकारेश्वर, महेश्वर इथे मराठी लेखक घरच्यासारखा वावरतो. देवळाचा पुजारी, सदावर्त देणारा शेठ, चुलीवर रोटी भाजणारी माय, सगळ्यांशी बोलतो. आणि स्वतःच्या राज्याच्या हद्दीत पाऊल टाकलं, की परक्या मुलखात आल्यासारखा गप्प होतो. त्या भागातली माणसं पावरी आणि भिलोरी बोलतात. झाडीतल्या माणसाच्या तोंडी मात्र सहसा एक-दोन दरडावणीची वाक्यं येतात, तीही मोडक्या हिंदीत.

लुटीचं प्रकरण कसं लिहायचं याचा एक साचा ठरून गेला आहे. आधी वाटेतले साधू सावध करतात. मग झाडी दाट होते. मग तीरकमठेवाले पुढ्यात उभे राहतात. लुटून झाल्यावर लेखकाला उमगतं, की हे ‘मामा’ मैयाचेच भाऊ. आपला संग्रह, आपला अहंकार उतरवायला तिनेच त्यांना पाठवलं. श्रद्धावंताने असं मानावं याला हरकत नाही. अंगावरचं वस्त्र गेल्यावरही ज्याला राग येत नाही, त्याच्या मनाची ताकद मोठीच. पण साहित्य म्हणून पाहिलं तर या अर्थाने एक नुकसान होतं. लुटणारा माणूस माणूस राहत नाही, लेखकाच्या साधनेचं उपकरण होतो. उपकरणाला नाव लागत नाही, गाव लागत नाही, आणि भूकही लागत नाही.

माझी सूचना एवढीच, की ही प्रकरणं पुन्हा वाचताना तत्त्वज्ञान क्षणभर बाजूला ठेवावं आणि काय काय लुटलं त्याची यादी वाचावी. घोंगडी. धोतर. भांडं. सदावर्तात मिळालेलं पीठ. दरोडेखोराची यादी अशी नसते. थंडीत पांघरायला नाही, शिजवायला भांडं नाही आणि भांड्यात घालायला पीठ नाही, अशा घराची ती यादी आहे. वनखात्याचे कायदे, सावकार, डोंगरउतारावरची वितभर शेती हे सगळं त्या चार वस्तूंत आलेलं असतं. लेखक यादी प्रामाणिकपणे नोंदवतो, आणि पुढच्याच परिच्छेदात वैराग्याकडे वळतो.

हे दुर्लक्ष एकट्या मराठीचं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून जाणारा कॅनिंग स्टॉक रूट सुमारे १८५० किलोमीटरचा. आज हौशी प्रवासी फोर-व्हील गाड्या आणि तंबू घेऊन तिथे आठवडेच्या आठवडे काढतात, निर्जनतेचं कौतुक करतात, विहिरी मोजत पुढे जातात. १९०६-०७ मध्ये आल्फ्रेड कॅनिंगने ही वाट आखली तेव्हा पाणी कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तिथल्या आदिवासींना साखळदंडाने बांधून त्याने पाणवठे दाखवायला लावले. १९०८ मध्ये त्यावर चौकशी आयोग बसला आणि कॅनिंग निर्दोष सुटला. निर्जन म्हणून ज्या वाटेची ख्याती आहे, तिचा प्रत्येक पाणवठा कुणाचा तरी होता. झाडीचंही तसंच.

इथे खुर्सीपारला बसून हे वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. अमरकंटक इथून गाडीने एका दिवसाच्या टप्प्यात आहे, त्यामुळे नर्मदा आमच्याकडे मराठीइतकीच हिंदीतूनही येते, आणि हिंदीतून येते ती बहुधा अमृतलाल वेगड यांच्या ‘सौंदर्य की नदी नर्मदा’मधून. वेगड जबलपूरचे, घरचे गुजराती, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले चित्रकार. त्यांनी व्रत घेतलं नाही. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा नेम पाळला नाही. सुट्टी मिळेल तशी तुकड्यातुकड्याने वाट चालले. कर्मठांच्या हिशेबी ही परिक्रमाच नव्हे. पण व्रत नसल्यामुळे त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं, आणि म्हणून ते पाहत राहिले: नदीवर पाणी भरणाऱ्या बाया, नावाडी, रात्रीपुरता ओटा देणारा शेतकरी. रेखाचित्रं काढणाऱ्या माणसाला समोरच्याच्या चेहऱ्याकडे थोडा वेळ तरी बघावंच लागतं. १९७७ मध्ये त्यांनी चालायला सुरुवात केली ती जबलपूर ते मंडला या टप्प्यापासून. पुढे बरगी धरणाच्या पाण्याने ती वाट गिळली. तिथल्या गावांसाठी वेगडांचं पुस्तक आता दस्तऐवज झालं आहे. आपल्या झाडीसाठी असं मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही.

दांडेकरांना या हिशेबातून थोडं वगळायला हवं. ती कादंबरी आहे, आणि नायकाला नाव न देऊन त्यांनी निदान ‘मी’चा डोलारा उभा केला नाही. कुंट्यांच्या पुस्तकातला अश्वत्थामा वाचकांच्या कायमचा लक्षात राहतो; त्यात लेखनाचा वेग आणि बेधडकपणा आहे, तो नाकारता येत नाही. भारती ठाकूर यांचं उदाहरण मला जास्त विचारात पाडतं. पुस्तकाच्या नावात ‘अंतर्यात्रा’, म्हणजे पुन्हा आतच जाणं. पण परिक्रमा संपल्यावर त्या नाशिक सोडून निमाडात राहायला गेल्या आणि तीरावरच्या मुलांसाठी शाळा चालवू लागल्या. लेखिकेला नदीपेक्षा काठ मोठा वाटला, हे शीर्षकाने सांगितलं नाही, ते त्यांच्या पुढच्या आयुष्याने सांगितलं. त्या नजरेने हे पुस्तक मागून पुढे वाचलं तर वाटेतल्या मुलांच्या नोंदी अधिक ठसठशीत दिसतात.

आता झाडीच राहिलेली नाही. सरदार सरोवराचं पाणी चढलं, १९९३ मध्ये मणिबेली बुडू लागलं, जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्याखाली गेलं. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताच्या यादीत आली. दक्षिण तटावरचे बरेच परिक्रमावासी आज काठ सोडून शहादा, प्रकाशा, तळोदा अशा रस्त्याने जातात. लूट आता होत नाही, उलट चहा मिळतो, असंही सांगतात. म्हणजे ज्यांनी पूर्वी घोंगडी नेली त्यांचं घर, शेत, सरपण सगळंच गेलं. नर्मदा आंदोलनाच्या जीवनशाळांत शिकलेली त्यांची मुलं आज मराठी वाचतात, लिहितात. आपल्या आज्याला मामा म्हणून छापलेली ही प्रकरणं त्यांतल्या कुणी वाचली असतील, तर त्यावरचं त्यांचं परीक्षण मला माझ्या या लेखाआधी छापलेलं आवडलं असतं.