खानदेशी जात्यावरची ओवी : संहिता, साधन आणि वास्तू

लोकसाहित्याच्या अभ्यासात गीताच्या संहितेला जे महत्त्व मिळाले, ते गीतामागच्या साधनाला व घराला मिळाले नाही. खानदेशातील ओव्यांची संकलने वाचताना ही उणीव विशेषत्वाने जाणवते. सासर, माहेर, भाऊ अशी विषयवार विभागणी होते. जाते मात्र शीर्षकापुरते उरते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दोष मांडणीचा नसून आकलनाचा आहे.

दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढीत. एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने ती उचलावी. छापील पानावर सैल वाटणारी पुनरुक्ती पुष्कळदा या दुसऱ्या आवाजाची जागा असते. संपादक ती गाळतो, तेव्हा एक गायिकाच गळते. जागेचेही तसेच. धाब्याच्या घरात ओटा, ओसरी पुरुषांची. दळण आतल्या अंधाऱ्या खोलीत, पहाटे. दिवसा ओसरीवर जे बोलता येत नसे, ते तेथे म्हणता येई. ओवीतील गाऱ्हाण्याचा मोकळेपणा या जागेशी बांधलेला आहे.

बहिणाबाई चौधरींच्या ‘घरोट’ या कवितेची समीक्षाही जात्याला थेट रूपक मानून पुढे जाते. १९५२ साली संग्रह आला तेव्हापासून त्यांच्यातील तत्त्वज्ञच आपण अधिक शोधला, दळणारी बाई कमी. (त्यांची बोली लेवा; तिला सरसकट अहिराणी म्हणण्याची सवयही सोडलेली बरी.)

आयर्लंडमध्ये जन्मलेल्या ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात १९०७ साली खानदेशीची नोंद झाली. पण सर्वेक्षणाचा ठरलेला नमुना बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचा अनुवाद होता. त्यांच्याच जन्मभूमीत १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५०,००० शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून कथांबरोबर जुने हस्तव्यवसाय आणि जुन्या घरांची माहितीही लिहून घेतली. महाराष्ट्रात हेमा राईरकर व गी पॉइटविन यांच्या प्रकल्पाने लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतील अनेक ध्वनिमुद्रित केल्या. खानदेशासाठी या दोन्ही पद्धती एकत्र आणणे आवश्यक आहे.

नरडाण्याच्या परिसरात धाबी उतरवून स्लॅब पडत आहेत. जाते लग्नातील हळदीपुरते उरले आहे. दळलेल्या बाया आता वृद्ध आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी ओवी उतरवताना एवढे तरी विचारावे : जाते घरात कोठे मांडलेले होते, त्याला टाकी कोण लावी, आणि खुंट्याच्या पलीकडे कोण बसे?